विम्याच्या पैशानें दुरुस्त झालेली मोटार

मोटारीच्या अपघाताविषयीं बोलतांना आपण बहुधा रस्त्यावरच्या त्या एका क्षणाविषयींच बोलतों. परंतु ज्यांच्या गाडीला असा धक्का बसला आहे त्यांना विचारलें, तर पुष्कळजण सांगतील कीं, त्या क्षणापेक्षां पुढचे दोन महिनेच अधिक जाचक झाले. गाडी गॅरेजांत जाते, विमा कंपनीचा माणूस येऊन पाहून जातो, पंधरा दिवसांचे पांच आठवडे होतात. अखेर गाडी हातीं येते तेव्हां एका दाराचा रंग दुसऱ्याशीं जुळत नसतो, पावसांत पायांखालीं पाणी सांचतें, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढ घेते. तक्रार करावी तर गॅरेजवाला म्हणतो, "कंपनीनें मंजूर केलें तेवढें केलें", कंपनी म्हणते, "गॅरेज आपणच निवडलें होतें." घरचें झालें थोडें, तों व्याह्यानें धाडलें घोडें, अशी त्या मालकाची गत होते.

हा सर्व प्रकार कोणाच्या तरी दुष्टपणामुळेंच होतो असें मला वाटत नाहीं. त्याचें मूळ या व्यवहाराच्या रचनेंतच आहे. शिंप्याकडे आपण कापड टाकतों. कपडा अंगाला बसला नाहीं तर पैसे देण्यापूर्वीं तसें सांगतों, आणि शिंपी निमूटपणें उसवून पुन्हां शिवतो. याचें कारण, कपडा घालणारा आणि पैसे मोजणारा माणूस तेथें एकच असतो. विम्याच्या दुरुस्तींत हे दोघे निराळे असतात. पैसे देते ती कंपनी. तिला त्या गाडींत बसावयाचें नसतें. गाडींत बसतों ते आपण आणि आपलीं मुलेंबाळें. पण बिलाचा मोठा भाग आपण देत नसतों. गॅरेजवाल्याची नजर साहजिकच पैसे देणाऱ्याकडे असते. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ होतो असें आपण म्हणतों. येथें दोघांच्या समेटांत तिसऱ्याची हानि होते. म्हणून पैसे कोणीही देवो, काम सांगणारा धनी मी आहें, ही भूमिका मालकानें पहिल्या दिवसापासून शेवटच्या सहीपर्यंत सोडतां कामा नये. ती सोडली म्हणजे काय होतें आणि ती धरून कशी ठेवावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक खुलासा केलेला बरा. आपल्या देशांत मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें. ती सक्ति १९४६ च्या जुलैपासून अंमलांत आली, आणि हल्लीं ती १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमांत आहे. परंतु ही सक्ति तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरती आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा उतरावा लागतो, आणि तो नसेल तर पुढील सारें विवेचन व्यर्थ आहे. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या तिऱ्हाईत-विम्यांतून भरपाई मागतां येते. पण त्यासाठीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते, म्हणून बहुतेक लोक आपल्याच विम्यावर दावा करून मोकळे होतात.

दावा केला म्हणजे कंपनी सर्व्हेअर पाठविते. स्वतंत्र सर्व्हेअरला परवाना देतें तें विमा नियामक प्राधिकरण. त्याची फी मात्र कंपनी भरते. २०२४ सालच्या नियमांप्रमाणें चोवीस तासांत त्याची नेमणूक व्हावयास हवी, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल यावयास हवा, आणि त्यापुढें सात दिवसांत कंपनीनें निर्णय द्यावयास हवा. पण माझ्या मतें मुदतीपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कोणता भाग बदलावयाचा आणि कोणता ठोकून सरळ करावयाचा, हा निवाडा सर्व्हेअर गाडीपाशीं उभा असतांना, अर्ध्या-पाऊण तासांत होतो. पुढें ज्याला आपण "वाईट दुरुस्ती" म्हणतों, तिचें बीज पुष्कळदां त्या अर्ध्या तासांतच पेरलेलें असतें. दाराचा आंतला सांगाडा वांकला असतां केवळ वरचा पत्रा ठोकण्याचें मंजूर झालें, तर जगांतला उत्तम कारागीरही तें दार नीट बसवूं शकणार नाहीं. म्हणून त्या वेळीं मालकानें तेथें हजर असावें. अंदाजपत्रकाची एक प्रत मागून घ्यावी, आणि "बदलणें" कोठें लिहिलें आहे व "दुरुस्त करणें" कोठें, हें ओळीनें वाचावें. गाडी उघडल्यावर आंतलें आणखी नुकसान दिसलें, तर पुरवणी पाहणी करून घ्यावी, आणि ती लेखी असावी.

या ठिकाणीं घसाऱ्याचा हिशेब समजून घेणें अवश्य आहे, कारण पुष्कळ घोळ त्यांतूनच उत्पन्न होतो. २००२ सालच्या मोटार टॅरिफनें ठरविलेली आणि आजही नेहमींच्या पॉलिसींत आढळणारी पद्धति अशी: रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर मुळींच नाहीं. पत्र्याच्या व इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें घसारा चढत जातो. सहा महिन्यांपर्यंत कांहीं नाहीं, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षीं १०, तिसऱ्या वर्षीं १५, चौथ्या वर्षीं २५, पांचव्या वर्षीं ३५, पुढें दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५०. रंगाच्या सामानावरही निम्मा. म्हणजे साडेचार वर्षांच्या गाडीला २०,००० रुपयांचें नवें दार बसविलें, तर ७,००० रुपये मालकाच्या माथीं पडतात. शिवाय प्रत्येक दाव्यामागें सक्तीची वजावट आहे, १५०० सी. सी. पर्यंतच्या खाजगी गाडीस १,००० रुपये व त्याहून मोठ्या गाडीस २,००० रुपये. जादा हप्ता भरून "शून्य घसारा" घेतलेला असेल, तर घसाऱ्याचा भार पुष्कळसा टळतो.

आतां, हा हिशेब ऐकून मालकच कित्येकदां म्हणतो, "नवें दार कशाला, ठोकूनच घ्या." पैशांची ओढ कोणाला नसते! पण तें म्हणतांना आपण कशावर पाणी सोडीत आहों हें त्यास ठाऊक असलें पाहिजे. आणि याच हिशेबांतून मालकाच्या फायद्याची एक गोष्टही निघते. बिलाचा कांहीं हिस्सा जर तो स्वतःच्या खिशांतून देतो, तर "आपल्याला काय, पैसे कंपनीचे" हें गॅरेजवाल्याचें बोलणें मुळांतच खोटें ठरतें. हप्ता तर तो दरसाल भरतच आलेला असतो.

गाडी तयार असल्याचा निरोप बहुधा संध्याकाळीं येतो. त्या दिवशीं ती आणूं नये. विजेच्या दिव्याखालीं रंगाचा दोष दिसत नाहीं. विशेषतः चंदेरी, राखी असे धातूची चमक असलेले रंग दिव्याखालीं जुळलेले वाटतात आणि उन्हांत उघडे पडतात. सकाळच्या उजेडांत, गाडी धुतलेली आणि कोरडी असतांना, ती उघड्यावर उभी करून पाहावी. पुढच्या दिव्यापाशीं ओणवें होऊन मागच्या दिव्यापर्यंत नजर टाकली, म्हणजे समोरच्या भिंतीचें किंवा तारेचें प्रतिबिंब पत्र्यावर सरळ जातें कीं लाटेसारखें वांकतें, तें कळतें. रंगाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असेल, रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे असतील, तर काम घाईंत झालें असें समजावें. दोन दारांमधल्या, दार आणि मडगार्ड यांमधल्या फटी डाव्या-उजव्या बाजूंस सारख्या आहेत कीं नाहींत, हें बोटानें चाचपून पाहावें. दार लोटलें असतां कसा आवाज येतो तोही ऐकावा. कानाला जें कळतें तें कधींकधीं डोळ्याला कळत नाहीं.

पुट्टीविषयीं लोकांत विनाकारण भीति आहे. पातळ पुट्टी हा रंगकामाचा नेहमींचाच भाग होय. दोष आहे तो खड्डा सरळ न करतां पुट्टीनें बुजविण्यांत. मऊ कापडांत गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक पत्र्यावर फिरविला, तर जाड थराच्या जागीं तो नीट धरत नाहीं. प्लॅस्टिकच्या बंपरवर किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर तो मुळींच धरणार नाहीं, तेव्हां तेथें कारागिरावर ठपका ठेवूं नये! परंतु पत्र्यावर जाड पुट्टी आढळली, तर ती एक-दोन पावसाळ्यांत तडकण्याचा संभव असतो, आणि खालीं जोडाला गंजरोधक लेप दिलेला नसेल, तर कोंकणांतल्या खाऱ्या हवेंत गंज आंतून पत्रा खाऊं लागतो. मग वर्षानें रंगाला फोड येतो आणि गॅरेजवाला म्हणतो, हा हवेचा दोष.

काच किंवा दार बदललें असेल तर गॅरेजांतच नळीनें पाणी सोडावयास सांगावें आणि खालची सतरंजी उचलून हात लावून पाहावा.

याहूनही महत्त्वाची परीक्षा चालवून पाहण्याची. आपल्या रस्त्यांना मध्यापासून कडेकडे उतार असतो, म्हणून थोडी डावी ओढ कोणत्याही गाडीस असते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढूं नये. रुंद व सपाट जागीं, वेग कमी ठेवून, चाक हलकेंच धरावें. तेथेंही गाडी एका अंगास जाऊं लागली, किंवा गाडी सरळ चालत असतां हातांतलें चाक वांकडें राहूं लागलें, तर चाकांच्या मापांचा छापील कागद मागावा. दुरुस्तीपूर्वींचीं आणि नंतरचीं दोन्ही मापें त्यावर असतात. मापें ठरलेल्या मर्यादेंत येत नसतील, तर खालचा आधारच वांकलेला असण्याची शंका घ्यावी. असला दोष रंगासारखा केवळ शोभेचा नव्हे. तो टायरची एक कड कांहीं हजार किलोमीटरांत खाऊन टाकतो, आणि ओल्या रस्त्यावर एकाएकीं ब्रेक लावण्याची वेळ आली, तर गाडी कोठें नेईल याचा नेम नाहीं.

एअरबॅगचा प्रश्न तर जिवाचाच आहे. एकदां फुगलेली एअरबॅग पुन्हां घडी घालून वापरतां येत नाहीं. तिच्याबरोबर ओढले गेलेले पट्टेही बहुधा बदलावे लागतात. किल्ली फिरविली म्हणजे समोरच्या फळीवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि कांहीं सेकंदांत विझतो, ही निरोगी गाडीची खूण. तो लागलेलाच राहिला तर यंत्रणेंत बिघाड आहे. पण तो मुळींच लागला नाहीं, तर अधिक सावध व्हावें. कारण बिघाड झांकण्यासाठीं दिवाच बंद करून ठेवण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं चालते. बिलावर एअरबॅगचा भाग-क्रमांक आहे काय, हें पाहावें. बदललेले जुने भाग बहुधा कंपनीच्या हक्काचे समजले जातात, परंतु ते पाहावयास मिळावेत असा आग्रह धरण्यास कोणाचीच हरकत नसावी. जुना भाग दिसत नाहीं, आणि बिलांत मात्र नवा भाग आहे, असें झालें तर प्रश्न विचारण्याची तीच वेळ.

हें सर्व आटोपेपर्यंत गॅरेजचा माणूस एक कागद पुढें करून तिष्ठत असतो. "दुरुस्ती माझ्या पूर्ण समाधानानें झाली" असें त्यावर छापलेलें असतें. याच कागदाच्या जोरावर गॅरेज कंपनीकडून पैसे घेतें. आठवडेच्या आठवडे रिक्षांत पैसे घालून कंटाळलेला मालक, भीक नको पण कुत्रा आवर म्हणून, न वाचतां सही करतो. आणि त्याच्या हातांतलें एकुलतें एक शस्त्र तेथें गळून पडतें. सही करावयाची नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. जें खरें आहे तेवढेंच लिहून सही करावी: "गाडी मिळाली. डाव्या मागच्या दाराचा रंग जुळत नाहीं, गाडी डावीकडे ओढते. हे दोष दूर करण्याच्या अटीवर." खालीं तारीख आणि वेळ. त्या कागदाची तसबीर आपल्या फोनमध्यें घ्यावी आणि तीच त्याच दिवशीं कंपनीस ईमेलनें पाठवावी.

सही होऊन गेलेली असली तरी सर्वस्व बुडालें असें मात्र नव्हे. १९९९ सालीं युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, पूर्ण भरपाई मिळाल्याच्या कागदावर केवळ सही झाली म्हणून ग्राहकाचा हक्क नष्ट होत नाहीं. ती सही फसवून, दडपण आणून किंवा दिशाभूल करून घेतली असल्याचें त्यानें दाखवून दिलें पाहिजे. २०१५ च्या सप्टेंबरांत विमा नियामकानेंही कंपन्यांना याच अर्थाची ताकीद दिली. पण दडपण सिद्ध करणें हें वेगळेंच काम आहे. सहीच्या वेळीं लिहिलेल्या दोन ओळी त्या सिद्धतेच्या दहापट सोप्या.

येथें एक कायद्याचा मुद्दा ध्यानांत ठेवावा. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणें, ज्याच्याकडे वस्तू कामासाठीं सोंपविली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क आहे. कायद्यानें उदाहरण दिलें आहे तें हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचें. तेंच गॅरेजला लागू पडतें. म्हणून आपला हिस्सा अडवून गाडी मागूं गेल्यास गॅरेजवाला ती देणार नाहीं, आणि कायदा त्याच्या बाजूस उभा राहील. अशा वेळीं हरकत लेखी नोंदवून पैसे भरावे व गाडी सोडवून आणावी. मात्र त्याच कायद्याचें १५१ वें कलम त्यानें ती वस्तू शहाण्या माणसाप्रमाणें जपली पाहिजे, असेंही सांगतें. गॅरेजांत असतांना पडलेला नवा ओरखडा त्याच्या खात्यावर जातो.

समजा, दोष पुढें महिन्यानें उघडकीस आला. आतां दोष कोणाचा? हा प्रश्न रागानें सुटत नाहीं. तीन कागद शेजारीं ठेवले म्हणजे पुष्कळसा सुटतो: सर्व्हेअरचा अहवाल, गॅरेजचें अंदाजपत्रक, आणि अखेरचें बिल. अहवालाची प्रत मागितली असतां विमेदारास मिळते. तो हक्क पुष्कळांना माहीतच नसतो. एखादें काम अवश्य होतें पण अहवालांत मंजूरच झालें नाहीं, तर भांडण कंपनीशीं. काम मंजूर झालें, बिलांत लागलें, पण गाडींत झालेलेंच नाहीं, तर गॅरेजनें आपल्याबरोबर कंपनीलाही फसविलें आहे, आणि हें कंपनीस दाखवून दिलें कीं कालपर्यंत हात झटकणारी कंपनी आपल्या बाजूस येऊन उभी राहते. काम झालें पण वाईट झालें, तर पहिली जबाबदारी गॅरेजची. तथापि गॅरेज कंपनीच्याच यादींतलें असेल आणि रोख पैसे न भरतां तेथें दुरुस्ती मिळण्याची सोय कंपनीनेंच करून दिली असेल, तर "निवड तुमची" या उत्तरांत फारसा जीव राहत नाहीं. नमुना पॉलिसीप्रमाणें गाडी दुरुस्त करून द्यावी, भाग बदलावा कीं रोख रक्कम द्यावी, हा पर्याय कंपनीच्याच हातीं ठेवलेला आहे.

पहिली संधि गॅरेजला द्यावी, पण लेखी आणि मुदत घालून. त्या मुदतींत गाडी दुसरीकडे नेऊन दुरुस्त करूं नये. पुरावाच पुसला जातो. दुसऱ्या चांगल्या गॅरेजकडून दोषांचें वर्णन व खर्चाचा अंदाज मात्र लिहून घ्यावा. कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास वेगळें पत्र लिहावें. तेथें महिनाभरांत समाधान झालें नाहीं, किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आंत जातां येतें. मुंबईस व पुण्यास त्याचीं कार्यालयें आहेत. फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई तो देववूं शकतो. पण लोकपालाचा अधिकार कंपनीवर चालतो, गॅरेजवर चालत नाहीं, हें विसरून पुष्कळजण तेथें फुकट खेपा घालतात.

दोघांनाही एकदमच उत्तर द्यावयास लावावयाचें असेल तर जिल्हा ग्राहक आयोग हीच जागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें वाईट दुरुस्ती ही सेवेंतील उणीव ठरते, आणि गॅरेज व कंपनी यांना एकाच तक्रारींत प्रतिवादी करतां येतें. मोबदल्याची रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं. मुदत दोन वर्षांची आहे. ती तक्रारीचें कारण घडल्यापासून मोजतात, आणि गॅरेजवाल्याशीं गोडीगुलाबीनें चाललेला पत्रव्यवहार ती वाढवीत नाहीं. त्याआधीं १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तरी कांहीं गॅरेजें शहाणीं होतात. तक्रार कशी लिहावी हें न कळलें, तर १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचें मार्गदर्शन घ्यावें. पूर्वीं प्रतिवादी जेथें असेल किंवा कारण जेथें घडलें असेल तेथेंच तक्रार करावी लागे. नव्या कायद्यानें ती आपण राहतों त्या जिल्ह्यांतही दाखल करतां येते. गाडी पुण्याच्या गॅरेजांत बिघडविली गेली आणि आपण साताऱ्यास असलों, तरी तारखेसाठीं पुण्यास जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.